खांब ते खांब: मुलींच्या खो-खो संघाच्या मनाच्या तयारीच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

शाळा आज उघडली. संध्याकाळी १७ वर्षांखालच्या संघातल्या बाराही मुली मैदानावर आल्या. धाराशिव जिल्ह्यातल्या गावात मुलींना खो-खोसाठी घरून बोलावून आणावं लागत नाही. सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा यातल्या बऱ्याच जणी तिसरी-चौथीत होत्या, आणि तेव्हापासून ती ताई आपल्या जिल्ह्याची, हे त्यांना पाठ आहे. जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या संघानं नेपाळला ७८-४० असं हरवलं तो सामना आम्ही शाळेच्या टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहिला.

पण गेल्या वर्षीचा जिल्ह्याचा उपांत्य सामना माझ्या मनातून जात नाही. आमची पहिली तुकडी सरावात मिळून साडेचार-पाच मिनिटं सहज पळायची. त्या दिवशी तिघी मिळून १ मिनिट ५० सेकंदांत बाद. पायात ताकद तीच, मैदान आखलेलं तसंच, समोरचा संघही आमच्यापेक्षा फार वेगवान नव्हता. सामना संपल्यावर मी मुलींना जे बोलले ते सगळे प्रशिक्षक बोलतात: "मन लावून खेळला नाहीत." घरी येऊन विचार केला, मन लावायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे मी त्यांना कधी शिकवलंय का? सूर कसा मारायचा हे शिकवायला मी दोन वर्षं घेतली. मनाला मात्र आठवड्याला एक भाषण.

म्हणून या मोसमात रोजच्या सरावातली २० मिनिटं मनाच्या तयारीला. त्याची ही वही. मुलींची नावं लिहिणार नाही, बनियनचा नंबरच लिहीन.

२३ जून, सोमवार

पहिलं काम, ऐकायचं. प्रत्येकीला चिठ्ठी दिली. सामन्याआधी आणि सामन्यात अंगात काय होतं तेवढंच लिहा, नाव घालू नका.

आलेल्या चिठ्ठ्या जशाच्या तशा: "पोटात कालवल्यागत होतं." "पाय आपले नसल्यासारखे." "तोंडाला कोरड पडते, पाणी पिलं तरी." "कानात काहीच येत नाही." "लघवीला सारखं जावं वाटतं." "मला कायबी होत नाही, झोप येती." "मॅडम माझ्याकडं बघत्यात का तेवढंच बघते."

शेवटची चिठ्ठी मी दोनदा वाचली आणि बाजूला ठेवली. तिचं काय करायचं ते अजून ठरत नाही.

बाकीच्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. मैदानावर एकदम शांतता झाली. मग सात नंबर म्हणाली, "म्हणजे हे सगळ्यांनाच होतंय?" तिला चार वर्षं वाटत होतं की ती एकटीच घाबरट आहे. आजच्या दिवसात एवढं जरी झालं तरी पुष्कळ झालं. त्यांना सांगितलं की कोरड, धडधड, पोटातला गोळा हे सगळं शरीर पळायच्या तयारीला लागल्याचं लक्षण आहे. रक्त पोटातून पायांकडे वळतं, म्हणून पोटात तसं होतं. तो काही आजार नाही.

१ जुलै, मंगळवार

श्वास. चार मोजत नाकानं आत, सहा मोजत तोंडानं बाहेर. बाहेर सोडणं लांबवलं की हृदयाचे ठोके मंदावतात. हे सांगून पटत नाही, म्हणून मनगटावर बोट ठेवून मोजायला लावलं. मैदानाला दोन फेऱ्या मारून आल्या आल्या नाडी, मग दहा श्वास, मग पुन्हा नाडी. शेजारणीला श्वास न मोजता नुसतं बसवलं. फरक त्यांनी स्वतःच्या बोटाखाली अनुभवला.

माझी चूक झाली ती जागेची. झाडाखाली मांडी घालून, डोळे मिटून श्वास शिकवला. खो-खोत मांडी घालून बसायला कोण देतंय? दुसऱ्या दिवसापासून हाच श्वास बसलेल्या पवित्र्यात: चौकोनात उकिडवं, हाताची बोटं जमिनीला टेकलेली, एक पाय उठायच्या तयारीत. आणि तिसऱ्या तुकडीसाठी कडेला उभं राहून, हलक्या उड्या मारत. जिथं वापरायचं तिथंच शिकवायचं, हे सूर मारण्याच्या बाबतीत मला ठाऊक होतं. इथं विसरले.

७ जुलै, सोमवार

काल आषाढी. गावात दिंडीचं जेवण होतं, मुली दमलेल्या होत्या. हलका सराव.

"झोप येती" लिहिणारी कोण ते आता कळलं: तीन नंबर. श्वासाचा सराव केला की ती आणखी ढिली पडते आणि पहिल्याच खोला उठायला उशीर करते. बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, यर्क्स आणि डॉडसन यांचा १९०८ सालचा उंदरांवरचा प्रयोग परीक्षेपुरता पाठ केला होता. अंगातली चेतना फार कमी असली तरी काम बिघडतं, फार जास्त असली तरी बिघडतं, आणि जितकं काम अवघड तितकी ती कमी लागते. त्याचा अर्थ मला तीन नंबरकडे बघून लागला. सगळ्या संघाला एकच औषध देऊन चालणार नाही. तीन नंबरनं सामन्याआधी जोरात टाळ्या वाजवायच्या, मांड्यांवर थापा मारायच्या, दहा उंच उड्या मारायच्या. सात आणि अकरा नंबरनं लांब श्वास. बाकीच्यांनी आपलं आपण शोधायचं आणि मला सांगायचं.

१४ जुलै, सोमवार

डोळ्यांपुढे खेळ आणण्याचा सराव सुरू केला. याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आत्तापर्यंत सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथंच.

आमच्या वेळी प्रशिक्षक सांगायचे, "रात्री झोपताना सामना डोळ्यांपुढं आणा." आम्ही आणायचो आणि झोपून जायचो. होम्स आणि कॉलिन्स या दोघांनी २००१ साली मांडलेली पद्धत वेगळी आहे. जो पवित्रा खेळात असतो तोच घ्यायचा, तेच बूट, तेच कपडे, तीच जागा, आणि महत्त्वाचं म्हणजे वेळही तेवढाच. डोळ्यांपुढचा खेळ खऱ्या खेळाच्याच गतीनं चालला पाहिजे.

म्हणून स्टॉपवॉच घेऊन बसले. मुलींना एका खांबाशी उभं केलं. डोळे मिटा, एकेरी साखळीनं आठही जणींमधून पळत दुसऱ्या खांबापर्यंत जा, पोचलात की हात वर करा. खरी साखळी पळायला त्यांना लागतात साधारण १० ते १२ सेकंद. डोळे मिटून कुणी ४ सेकंदांत हात वर केला, कुणी ५. नऊ नंबरनं २ सेकंदांत. म्हणजे त्या पळतच नव्हत्या. निघाल्या आणि पोचल्या, मधली वाट गाळली. आणि बाद तर मधल्या वाटेतच होतात.

पुन्हा. या वेळी प्रत्येक बसलेल्या मुलीपाशी काय दिसतं ते तोंडानं बोलायचं: "पाठ... तोंड... पाठ... तोंड..." कारण एक इकडे तोंड करून बसलेली, दुसरी तिकडे. आता सेकंद वाढले, ८, ९, १०.

अकरा नंबरचा हात वरच झाला नाही. वाट पाहिली. डोळे मिटलेले, भुवया आवळलेल्या. शेवटी विचारलं, कुठं आहेस? म्हणाली, "मॅडम, पाचवीपाशी मी बाद हुती. परत निघते, परत तिथंच बाद हुती." तिला पुढचं चित्र येतच नव्हतं. गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात ती पाचव्या चौकोनापाशीच बाद झाली होती. ते मला वहीत सापडलं. तिला ते आठवावं लागलं नव्हतं.

तिला उठवलं आणि पाचव्या चौकोनापाशी नेलं. खरोखरच. बसलेल्या मुलीला सांगितलं, तू फक्त हळू हळू उठ. अकरा नंबर चालत चालत तिच्या पाठीमागून वळली. दहा वेळा चालत, मग दहा वेळा हलकं पळत, मग डोळे मिटून. अंधार पडला तोवर चित्र पाचवीच्या पुढं सहावीपर्यंत गेलं होतं. आजच्यापुरतं तेवढंच.

३० जुलै, बुधवार

काल नागपंचमी, पंचमीच्या झोक्यांवर सगळा संघ होता. आज चार नंबरबद्दल.

चार नंबर आमची खांबावर सूर मारणारी. एप्रिलमध्ये तिची हनुवटी खांबाच्या बुडाशी आपटली, तीन टाके पडले. जखम कधीच भरली. पण तेव्हापासून ती खांबाशी येते, हात लांबवते आणि शेवटच्या पावलाला अंग मागे घेते. मी तीन आठवडे "घाबरू नको गं, काही होत नाही" म्हणत होते. तिला झालेलं आहे, तिच्या हनुवटीवर खूण आहे. माझं वाक्य खोटं होतं आणि ती ते खोटं ऐकून घेत होती.

भीतीला पायऱ्या करून दिल्या. पहिली पायरी: खांबाशेजारी गुडघ्यावर बसून नुसतं पुढं झोपणं, ओल्या मातीत. दुसरी: उकिडवं बसून. तिसरी: दोन पावलं घेऊन, खांबाला जुन्या गादीचं वेटोळं बांधून. चौथी: गादी तीच, पण पूर्ण वेगात. पाचवी: गादी काढून, पण समोर पळणारी मुलगी नाही. सहावी: खरा डाव. आता पुढच्या पायरीवर जायचं की नाही हे ती सांगणार, मी नाही. भीती किती ते दहापैकी सांगायची, तिनाच्या खाली आली की पुढं. आज तिसऱ्या पायरीवर आहे. परवा आठ होती, आज पाच.

सूर मारताना "हनुवटी आपटू नको" असं मी म्हणायचे, तेही बंद केलं. वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि लोकांच्या डोक्यात अस्वलच येत राहिलं. "आपटू नको" म्हटलं की आधी आपटणंच दिसतं. आता एकच शब्द: "आभाळ." म्हणजे हनुवटी वर. शब्द तिनंच निवडला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

बसलेल्या मुलींचं लक्ष. हा भाग बाहेरच्याला कळत नाही. त्याला वाटतं पळणारीच खेळते. आक्रमणात आठ जणी चौकोनांत बसलेल्या असतात, एक आड एक विरुद्ध बाजूंना तोंड करून, म्हणजे निम्मा खेळ त्यांच्या पाठीमागं चाललेला असतो. पाठीवर हात आणि कानावर "खो" एकत्र आला की उठायचं. आधी उठलं तर फाऊल, आणि फाऊल झाला की आक्रमक मुलीला उलट दिशेनं जावं लागतं, हातातोंडाशी आलेला गडी सुटतो.

गावात गणपतीच्या ढोलांचा सराव सुरू आहे. त्या पोरांना विनंती करून अर्धा तास मैदानाशेजारी वाजवायला लावलं. पहिल्या दहा मिनिटांत सात फाऊल. मुली रडकुंडीला आल्या. मग प्रत्येकीला एकच काम दिलं: ढोल बंद करायचा प्रयत्न करू नका, ढोल असू द्या, आपल्या पाठीवरच्या त्या तळहाताएवढ्या जागेवर लक्ष ठेवा. शेवटच्या दहा मिनिटांत दोन फाऊल.

२१ ऑगस्ट, गुरुवार

तालुका स्पर्धा जिंकलो. अंतिम सामना एक डाव आणि ३ गुणांनी. चार नंबरनं एक सूर मारला, पूर्ण. बाद झालेल्या मुलीच्या आधी मी तिची हनुवटी पाहिली.

पण आक्रमणाच्या डावात चार मिनिटं सगळं विस्कटलं. का ते कळलं नाही. आठवीतल्या एका मुलानं सगळा सामना मोबाइलवर घेतलाय, तो बघायचाय.

२५ ऑगस्ट, सोमवार

बघितला. रात्री जेवणं उरकल्यावर बसले. पहिल्यांदा चित्र बघितलं, काही सापडलं नाही. दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसता आवाज ऐकला.

आवाज माझाच होता. कागदावर रेघा ओढत मोजलं. त्या नऊ मिनिटांच्या डावात मी ६३ वेळा ओरडले. "पळ पळ पळ", "अगं खो दे", "खो देऊ नको", "डावीकडं", "काय करतेस", "ऊठ", "बघ तिकडं". यातले "खो दे" आणि "खो देऊ नको" तर तीन सेकंदांच्या अंतरानं, एकाच मुलीला. जिथं खेळ विस्कटला तिथं रेघा सगळ्यात दाट होत्या. आणि चित्रात नीट पाहिलं तर फाऊल होण्याआधी दोन वेळा बसलेली मुलगी मान वळवून माझ्याकडे बघते आहे.

ती बाजूला ठेवलेली चिठ्ठी काढली. "मॅडम माझ्याकडं बघत्यात का तेवढंच बघते."

इतके दिवस मी त्यांचं लक्ष पाठीवरच्या तळहाताएवढ्या जागेवर आणायला झटत होते आणि सामन्यात तेच लक्ष मी ओरडून माझ्याकडे ओढत होते. मला मनापासून वाईट वाटलं. माझ्या प्रशिक्षकांनीही असंच ओरडून आम्हाला खेळवलं आणि त्यांची माया त्या ओरडण्यात होती हे मी जाणते. माझीही माया आहे. पण मुलीला मैदानावर माया ऐकू येत नाही, तिला फक्त "काय करतेस" ऐकू येतं.

आज मुलींसमोर ती क्लिप लावली आणि रेघांचा कागदही दाखवला. कुणी हसलं नाही. अकरा नंबर म्हणाली, "मॅडम, तुमचा आवाज आला की मला वाटतं मी चुकले. काय चुकले ते नाय कळत."

१० सप्टेंबर, बुधवार

नवे नियम, मुलींनी बनवलेले, मी मान्य केलेले. डाव चालू असताना मला दोनच शब्द: वेळ सांगायची, आणि "माती". "माती" म्हणजे चूक झाली, हात झटका, पुढचा खो. फाऊल झाला किंवा गडी सुटला की त्या मुलीनं तळहात एकमेकांवर घासून माती झाडायची आणि जवळच्या खांबाकडे एकदा बघायचं. त्याला दीड-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात मागची चूक मागं ठेवायची. बाकी डावपेच मध्यंतरात.

मला हे फार अवघड जातंय. पहिल्या दिवशी २१ रेघा, आज ९. रेघा दोन नंबर ओढते, ती राखीव आहे. राखीव मुलीच्या हातात काम आल्यापासून तिचंही लक्ष सामन्यात असतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

सराव नाही. शनिवारपासून पाऊस. भूम-परंड्याकडे नदीकाठच्या गावांत घरांत पाणी, माणसांना बोटीनं काढलं. आमच्या ओढ्याचं पाणी मैदानावर आलं, खांब अर्धे बुडालेले दिसतात. जिल्हा स्पर्धा पुढं गेली.

बारापैकी आठ मुलींच्या घरचं सोयाबीन गेलं. काढणीला आलेलं होतं. अकरा नंबरच्या घरात गुडघाभर पाणी होतं, दप्तर गेलं, बूट गेले. तिच्या घरी गेले तेव्हा ती आईबरोबर ओली ज्वारी पोत्यातून काढून पसरत होती. वास यायला लागला होता.

कुठल्याशा व्याख्यानात ऐकलं होतं की संकटात खेळाडूचं मन घडतं. मी त्या मुलीला असलं काही बोलले नाही. ज्वारी पसरू लागले. लांब श्वास, शब्द, डोळ्यांपुढचं चित्र, ही सगळी हत्यारं मैदानावरच्या भीतीसाठी आहेत. घरात पाणी शिरल्यावर माणसाला धान्य लागतं, कपडे लागतात, कुणीतरी येऊन बसलेलं लागतं. दोन्हींची गल्लत करायची नाही, हे इथं लिहून ठेवते, पुढं कधी मीच विसरले तर वाचायला.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वह्या आणि बूट पाठवले. पाच मापाचे बूट दोन जोड जास्त आलेत.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. मैदान अजून चिखल. शाळेच्या व्हरांड्यात खडूनं आठ चौकोन काढले. जागा पुरत नाही, पळता येत नाही. स्टॉपवॉच लावून डोळे मिटून साखळ्या. अकरा नंबर ११ सेकंद. आठवीपर्यंत. मी काही बोलले नाही, तिनं डोळे उघडून स्वतःच दोन नंबरच्या वहीत आकडा बघितला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जिल्हा स्पर्धा, काल आणि आज.

उपांत्य फेरी ४ गुणांनी जिंकलो. पहिली तुकडी ४ मिनिटं २० सेकंद. सरावात होतं तेवढंच जवळपास. गेल्या वर्षीचा १ मिनिट ५० सेकंदांचा आकडा मी मुद्दाम कुणाला आठवून दिला नाही, पण सात नंबरनं बाहेर आल्यावर तो मला सांगितला.

अंतिम सामना बरोबरीत सुटला, अलाहिदा डाव, म्हणजे निकालासाठीचा जादा डाव झाला. त्यात आम्ही एका गुणानं हरलो. शेवटच्या ४० सेकंदांत त्यांची एक मुलगी बाद करायची राहिली. चार नंबरनं खांबावर सूर मारला, पूर्ण अंग टाकून, बोटं कपड्याला लागली असं तिला वाटलं, पंचांना नाही. पंच जवळ होते, मी लांब. त्यांचा निर्णय.

शेवटच्या डावातल्या रेघा: ५. त्यातल्या तीन "माती", दोन वेळेच्या.

एक गोष्ट जवळून पाहिली ती लिहिते. अलाहिदा डावात सहा नंबरनं आधीच उठून फाऊल केला. सगळ्या प्रेक्षकांतून "अरेरे" आलं. तिनं तळहात घासले. चिखल वाळून खरखरीत झाला होता, त्याचा भुगा खाली पडताना मला दिसला. तिनं खांबाकडे पाहिलं आणि बसली. पुढच्या खोला ती वेळेवर उठली आणि तिनंच गडी बाद केला. जूनमध्ये हीच मुलगी एका फाऊलनंतर पूर्ण डावभर खाली बघत बसायची.

हरल्यावर मुली रडल्या. रडू दिलं. विभागाला जाणार नाही याचं मलाही वाईट वाटतंय.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीची सुट्टी, तरी सकाळी सात मुली मैदानावर. विषय एकच: काल रात्री नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाचं ३३९ धावांचं लक्ष्य, जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७, भारत महिला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम फेरीत. सामन्यानंतर ती रडत रडत सगळ्यांसमोर बोलली की या स्पर्धेत तिला फार अस्वस्थता होती, आईला फोन करून ती रडायची. मध्ये एका सामन्यातून तिला वगळलंही होतं. शेवटी दमल्यावर बायबलमधलं एक वचन मनाशी धरून उभी राहिली.

नऊ नंबरनं विचारलं, "एवढी मोठी खेळाडू, तिलाबी हुतं?" चिठ्ठ्यांच्या दिवशी सात नंबरनं विचारलेला तोच प्रश्न. मी उत्तर द्यायच्या आत सातच म्हणाली, "हुतं की. सगळ्यांनाच हुतं. तिनं फोन केला, तसं आपणबी सांगायचं." मग त्या दोघी तिकडं बोलत बसल्या. मी मैदान आखायला घेतलं.

पुढच्या वर्षासाठी: १४ वर्षांखालच्या मुलींना हे सगळं जूनपासून नाही, आत्तापासून सुरू करायचं. शिकवायचं काम सात आणि चार नंबरकडे. श्वास आणि चित्र यांचा सराव आठवड्याला तीनदा पुरतो, रोज केला की मुली कंटाळून नुसते डोळे मिटतात. हे ऑगस्टमध्येच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

अकरा नंबरचे आईवडील ऊसतोडीला निघाले. सोयाबीन गेल्यावर दुसरा इलाज नव्हता, उचल घेतली आहे. तिला आजीकडे ठेवा म्हणून मी दोनदा घरी जाऊन आले. धाकट्या भावाला सांभाळायला तिला जावंच लागतंय. मार्चमध्ये परत येतील. पुस्तकं बरोबर दिली आहेत, मुख्याध्यापकांशी बोलून परीक्षेचं बघते आहे.

आज सकाळी ती मैदानावर आली, नव्या बुटांत. म्हणाली, "मॅडम, तिथं खोपींसमोर जागा असती. दोन चौकोनांत अंतर किती धरायचं?" मी पावलांत सांगायला लागले, तर म्हणाली, पावलानं नको, चुकतं.

दुकानातून सुतळीचं बंडल आणलं. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सुतळी ताणली. ती प्रत्येक चौकोनापाशी बसून सुतळीला गाठ मारत गेली. आठ चौकोनांच्या आठ गाठी, खांबांच्या दोन, खांबांच्या गाठी दुहेरी. पाचव्या गाठीला तिनं आपल्या वेणीची लाल रिबीन बांधली. मग सुतळी गुंडाळून दप्तरात ठेवली. ट्रॅक्टर दुपारी दोनला निघाला.